किनाबालू : कोकमाच्या भावकीपासून सायात-सायातपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे. दरवर्षी पावसाळा सरला की मुलांना महाबळेश्वरला नेतो. अंजनी, पिसा, जांभूळ ही झाडं दाखवतो आणि सांगतो, उंची वाढली की जंगलातली मंडळी बदलतात. सांगतो खरं, पण महाराष्ट्रात ही गोष्ट मध्येच तुटते. आपला सर्वांत उंच डोंगर कळसूबाई, तो १६४६ मीटरला संपतो. शिवाय आपल्याकडे सहा-सात महिने पावसाचा थेंब नाही. महाबळेश्वरची झाडं बुटकी आहेत ती निव्वळ उंचीमुळे नाहीत. वारा, कातळावरची उथळ माती आणि कोरडा उन्हाळा यांचाही त्यात मोठा हात आहे. बारा महिने पाऊस असता आणि डोंगर तसाच वर चढत गेला असता, तर पुढे कोणती झाडं लागली असती?

हे बघायचं तर बोर्निओतल्या किनाबालूसारखी जागा नाही. मलेशियाच्या साबाह राज्यातला हा डोंगर ४०९५ मीटर उंच आहे आणि समुद्रकिनारा तिथून फार लांब नाही. किनाबालू पार्क १९६४ मध्ये स्थापन झालं आणि २००० मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. पाच हजारांहून जास्त जातींच्या वनस्पती त्यात आहेत. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मामा, तुम्ही झाडं बघा, मी शिखर बघतो," एवढ्या अटीवर तो यायला तयार झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो.

पहिला दिवस : कोटा किनाबालू ते पोरिंग

मुंबई, क्वालालंपूर, कोटा किनाबालू हा प्रवास सुरळीत झाला. एक लक्षात ठेवा: क्वालालंपूरला शिक्का बसला असला तरी साबाहमध्ये उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात. तो आणि परतीचं तिकीट हाताशी असू द्या.

बहुतेक लोक शहरातून थेट पार्कच्या मुख्यालयात जातात आणि दुसऱ्या दिवशी चढायला लागतात. मी मुद्दाम उलटं ठरवलं होतं. आधी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, पाचशे मीटरच्या आसपास असलेल्या पोरिंगला जायचं आणि तिथून पायरी पायरीने वर यायचं. खालचं जंगल न बघता वरचं बघणं म्हणजे गोष्टीचं पहिलं पान फाडून वाचायला बसणं.

वाटेत नाबालू नावाच्या वस्तीत गाडी थांबली. रस्त्याकडेला टपऱ्यांची रांग, अननसाचे ढीग आणि समोर अख्खा डोंगर. सकाळी दहाची वेळ होती, ढग अजून चढले नव्हते. वरचा काळा-करडा कातळ करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता. टपरीवरच्या आजींनी दोन बरण्या पुढे केल्या. एकात तुहाऊ, म्हणजे रानटी आल्याच्या कोवळ्या दांड्याचं लोणचं. त्याचा वास इतका उग्र की बरणी उघडताच शेजारची बाई हसायला लागली. दुसऱ्यात बांबांगान, रानआंब्याच्या एका जातीचं लोणचं. आंबट, थोडं कडवट, किसलेल्या कोयीसकट घातलेलं. भाच्याने ते भाताची वाट न बघता नुसतंच खाल्लं. आजींना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याच्या हातावर आणखी एक चमचा ठेवला.

पुढे कुंदासांग लागतं. डोंगराच्या कुशीत कोबी, टोमॅटो, पातीचा कांदा, सगळीकडे भाजीचे वाफे. दिसायला देखणं गाव आहे, पण माझा जीव तिथे थोडा खट्टू झाला. खालचं उंच झाडांचं जंगल संपून ओकचं जंगल सुरू होतं ते साधारण याच उंचीला, बाराशे मीटरच्या आसपास. पार्कच्या हद्दीबाहेर तो सांधाच साफ झाला आहे. हवा तापत चालली आहे आणि खालच्या झाडांना पिढ्यान् पिढ्या वर सरकावं लागणार आहे. त्यांनी कुठल्या रस्त्याने जायचं? बी काही कोबीच्या वाफ्यात रुजणार नाही.

दुसरा दिवस : पोरिंग, चाळीस मीटर उंच छत

पोरिंग हे तिथल्या दुसुन लोकांच्या भाषेतलं एका बांबूचं नाव. लोक येतात ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी. आम्ही सकाळी लवकर झुलत्या पुलांकडे गेलो. झाडाला झाड जोडणारे हे अरुंद पूल जमिनीपासून चाळीसेक मीटर उंच आहेत. पाऊल टाकलं की फळी हलते, आणि खाली बघितलं तर जमीन नाही, नुसती पानं.

हे डिप्टेरोकार्प कुळाचं राज्य. आपल्याला माहीत असलेला मध्य भारतातला साल वृक्ष याच कुळातला. इथे त्याची भावंडं पन्नास-साठ मीटर उंच जातात. खोडाला पहिली फांदी फुटते ती कुठल्या कुठे वर, आणि बुंध्याला फळीसारखी मुळं, माझ्या डोक्यापेक्षा उंच. या झाडांची एक रीत अशी की ती दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं गप्प असतात, मग एका हंगामात मैलोन् मैल सगळी एकदम फुलतात आणि पंखवाली फळं भिरभिरत खाली येतात. इतकं बी एका वेळी पडलं की रानडुकरांनी कितीही खाल्लं तरी थोडं उरतंच. आम्ही गेलो ते वर्ष गप्प राहायचं होतं. एका दगडाच्या खोबणीत मागच्या कधीच्या तरी हंगामाचं वाळलेलं, दोन पंखांचं फळ तेवढं सापडलं.

पुलाजवळ एक प्रचंड फिकट खोडाचं झाड आहे, मेंगारिस. हे शेंगांच्या कुळातलं, जगातल्या उंच उष्णकटिबंधी झाडांपैकी एक. त्याच्या फांद्यांना मधाची पोळी लटकतात आणि ती पोळी करणारी माशी आपलीच आग्या मोहोळाची. हे कळल्यावर मला त्या परक्या जंगलात ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

झाडं मोजायला बसलं तर इथे हात टेकावे लागतात. बोर्निओच्या सखल जंगलात एका हेक्टरात झाडांच्या दोनशेहून जास्त जाती निघतात. एक झाड बघितलं की त्याच जातीचं दुसरं शोधायला बराच वेळ फिरावं लागतं. "मग नावं पाठ कशी करायची?" भाच्याने विचारलं. मी म्हटलं, "नावं सोड. पट्टी आहे ना तुझ्याकडे? प्रत्येक मुक्कामाला खाली पडलेलं एक पान मोज आणि तिथंच ठेवून दे." पार्कातून काहीही उचलून नेता येत नाही आणि नेऊही नये. पोरिंगचं पान भरलं अठ्ठावीस सेंटिमीटर. त्याच्या टोकाला पन्हळीसारखं लांब निमुळतं शेपूट होतं, पाणी निथळून जायला.

दुपारी रस्त्याकडेला हाताने लिहिलेली पाटी दिसली: राफ्लेसिया फुललं आहे. इथल्या काही शेतकऱ्यांच्या परसातल्या जंगलात हे फूल येतं. ते कुंपण घालून राखतात आणि बघायला पैसे घेतात. ते पैसे मी आनंदाने दिले, कारण त्यामुळेच तो जंगलाचा तुकडा उभा आहे. परातीएवढं, विटकरी रंगाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं फूल जमिनीवर बसलेलं. त्याला ना पान, ना खोड. द्राक्षाच्या कुळातल्या एका रानवेलीच्या आत ते वाढतं. कळी मोठी व्हायला महिनोन् महिने लागतात आणि फूल टिकतं जेमतेम आठवडाभर. तिथल्या काकांनी तीन नव्या कळ्या दाखवल्या. नारळाच्या सोललेल्या गोट्यांसारख्या होत्या. पोरिंगच्या बाजूला गेलात तर अशा पाट्यांवर लक्ष ठेवा. हॉटेलात विचारून नेमकं कळेलच असं नाही.

संध्याकाळी गाडीने मुख्यालयाकडे निघालो. खिडकीतून येणारी हवा अर्ध्या तासात बदलली. दर शंभर मीटरला साधारण अर्धा अंश तापमान उतरतं, असं मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी ते अंगावर शहारा येऊन कळलं.

तिसरा दिवस : जिथे कळसूबाई संपतं

पार्कचं मुख्यालय साधारण १५६० मीटरवर आहे. म्हणजे आपलं कळसूबाईचं टोक जिथे आभाळाला टेकतं, जवळपास तिथे इथल्या डोंगराची चढण सुरू होते.

सकाळी धुकं. पायवाटेवर वाटीत बसवलेली गोल फळं पसरलेली, ओकची. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी ती गोळा करून बघत राहिलो. आपल्या सह्याद्रीत ओकचं कूळ मुळीच नाही, एकही देशी जात नाही. इथे मात्र सालाची मंडळी मागे राहिली आणि ओकने त्यांची जागा घेतली. सोबतीला दालचिनीचं कूळ, म्हणजे आपल्या पिशाचं घराणं, आणि जांभळाच्या कितीतरी जाती. झाडं आता वीस-तीस मीटरची. फळीसारखी मुळं जवळजवळ नाहीशी. फांद्यांवर मात्र गर्दी: नेचे, आमरी (ऑर्किड), शेवाळाच्या झालरी. वृक्षनेचे छत्री उघडून उभे.

सिलाऊ-सिलाऊ नावाची ओढ्याकाठची वाट जरूर चाला. दोन तास पुरतात, चढ नाही, आणि गर्दी तर अजिबात नाही. सगळे शिखराच्या मागे लागलेले असतात. पार्कातल्या बागेत काम करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला एक झाड दाखवलं, ट्रायगोनोबॅलॅनस. ओकच्या कुळातली ही एक जुनी शाखा. रॉयल सोसायटीच्या १९६१ आणि १९६४ च्या मोहिमा घेऊन कॉर्नर हे वनस्पतिशास्त्रज्ञ इथे आले होते आणि हे झाड जगापुढे आलं ते त्याच काळात. बाईंनी त्याचं तिकोनी फळ तळहातावर ठेवून दाखवलं आणि परत मुळाशी ठेवलं.

या डोंगरावर ज्यांनी काम केलं त्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात कितायामा आणि आइबा हे दोन जपानी संशोधक. त्यांनी ७००, १७००, २७०० आणि ३१०० अशा चार उंचींवर जंगलाचे तुकडे आखले. प्रत्येक उंचीला दोन तुकडे: एक साध्या खडकाच्या मातीवर, दुसरा अल्ट्राबेसिक म्हणतात तशा खडकाच्या मातीवर. या खडकात मॅग्नेशियम आणि निकेल भरपूर, झाडांना लागणारं फॉस्फरस मात्र अगदी कमी. मग झाड न् झाड मोजलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचं मला समजलेलं सार असं: चढत जावं तसं जंगल बुटकं होतं आणि जाती घटतात, आणि कठीण मातीवर हे सगळं आधीच घडतं. म्हणजे एकाच उंचीवर, एकाच पावसात, वाईट मातीवरचं जंगल अजून वरच्या जंगलासारखं दिसतं. उंची म्हणजे नुसती थंडी, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. ते अपुरं होतं. थंडी, ढग आणि माती हे तिघं मिळून ठरवतात की कोण कुठे राहील. दुसऱ्या दिवशी हेच डोळ्यांनी दिसणार होतं, त्यामुळे रात्री झोप लागेना.

मुख्यालयातलं पान: चौदा सेंटिमीटर, जाड, चकचकीत, शेपूट आखूड.

शिखरावर जायचं असेल तर वरच्या मुक्कामाची जागा काही महिने आधी धरावी लागते, कारण रोज वर जाणाऱ्यांची संख्या ठरलेली आहे. गाईड सक्तीचा आहे, आणि तो असलाच पाहिजे. पावसाळी अंगरखा, हेडटॉर्च, हातमोजे आणि कोरड्या कपड्यांची एक प्लास्टिकमध्ये बांधलेली जोडी, एवढं पाठीवर हवंच. बाकी सगळं खाली ठेवा.

चौथा दिवस : तिंपोहोन ते लाबान राता

वाट तिंपोहोन फाटकापासून, १८६६ मीटरवरून, सुरू होते आणि चढायच्या आधी थोडी उतरते. पहिल्याच धबधब्यापाशी गुलाबी फुलांचा तेरडा. आपल्या कासच्या तेरड्याचा सख्खा भाऊ वाटावा असा. आमचा गाईड पन्नाशीचा दुसुन माणूस, बोलायला कमी. वडीलही याच वाटेवर ओझी वाहायचे, असं त्याने सांगितलं. मी भराभर पावलं टाकायला लागलो की मागून आवाज यायचा, "पेलान-पेलान." हळूहळू.

या वाटेवर ठरावीक अंतराने निवारे आहेत, त्यांना पोंडोक म्हणतात. पहिल्याची पाटी वाचली, पोंडोक कांदिस, १९८१ मीटर. गाईडला विचारलं, कांदिस म्हणजे? तो म्हणाला, झाड. फळ आंबट, आई वाळवून माशात घालते. मी थांबलोच. कांदिस म्हणजे गार्सिनिया, आपल्या कोकमाची भावकी! पुढचा निवारा पोंडोक उबाह, २०८१ मीटर. उबाह म्हणजे सिझिजियम, आपलं जांभूळ. त्यापुढे लोवी, एका घटपर्णीच्या, म्हणजे पानाची घागर करणाऱ्या वनस्पतीच्या नावाचा. मग मेम्पेनिंग, म्हणजे ओक. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी अख्खी वाटच झाडांच्या नावांनी लिहून ठेवली आहे. आम्ही कोकमापासून निघून जांभळावरून ओककडे चाललो होतो. भाचा पुढे पळायचा, पाटी वाचायचा आणि वरून ओरडायचा, "मामा, पुढचं कोण?"

दोन हजार मीटरनंतर ढगात शिरलो. या उंचीवर ढग रोजचाच, दुपार झाली की येऊन बसतो. पाऊस पडत नसतानाही सगळं टपकत असतं. जमीन कायम भिजलेली, हवा थंड, त्यामुळे पडलेलं पान लवकर कुजत नाही. कुजलं नाही तर त्यातलं नायट्रोजन झाडाला परत मिळत नाही. ढगामुळे ऊनही कमी. अशा उपासमारीत वाढणारी झाडं दहा-पंधरा मीटरवर थांबतात, वेडीवाकडी होतात, पानं लहान आणि चामड्यासारखी जाड करतात. एकदा कमावलेलं पान ती सहज टाकत नाहीत. खोडांवर शेवाळाचा इतका जाड थर की हात ठेवला तर मनगटापर्यंत रुतावा.

इथे पोडोकार्प कुळातली सूचिपर्णी झाडं दिसायला लागली. सह्याद्रीत या कुळातलं एकच झाड आहे, तेही पार दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या घाटांत. फिलोक्लॅडस नावाच्या झाडाची 'पानं' मी भाच्याच्या हातात दिली आणि विचारलं, हे काय आहे? पान म्हणाला. ती पानं नाहीत, चपट्या झालेल्या फांद्या आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी परीक्षेत मी याचं चित्र काढलं होतं. झाड पहिल्यांदा दिसलं ते त्या दिवशी.

लोवी घटपर्णीचं मात्र सांगायलाच हवं. तिची घागर मध्येच आवळलेली, वर रुंद तोंड, आणि झाकणाखाली पांढरट गोड थर. खारीएवढा, लांब नाकाचा ट्री श्रू नावाचा प्राणी तो थर चाटायला घागरीच्या काठावर बसतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. घटपर्णीला नायट्रोजन मिळतं ते त्यातून. उपासमारीच्या जंगलात कुणी काय मार्ग काढेल! वाटेवरून मला स्वतःला ती दिसली नाही. तिची मोठ्या तोंडाची छोटी नातेवाईक दिसली.

लायांग-लायांग, २७०२ मीटर. इथे उकडलेलं अंडं आणि केळी खाल्ली, आणि दहा मिनिटं पुढे गेल्यावर भाचा म्हणाला, "मामा, माती बघा." पायाखालची माती नारिंगी-तपकिरी झाली होती. मी मान वर केली. जंगल गेलं होतं. झाडं होती, पण डोक्याच्या थोडीशीच वर, विरळ, फांद्या पिळलेल्या, मधून उजेड येत होता. शंभर पावलं मागे दाट, शेवाळी रान आणि इथे हे. उंची तीच, ढग तोच, बदलला होता फक्त खडक. कितायामा-आइबांचे आकडे माझ्यासमोर उभे होते. या पट्ट्यावर डॅक्रिडियमची बारीक पानांची झाडं आणि लेप्टोस्पर्मम राज्य करतात, आणि वाटेच्या कडेला व्हिलोसा घटपर्णी, पिवळट-लाल, काठाला दातेरी कंगोरे असलेली. ती या डोंगराच्या परिसराबाहेर कुठेच नाही. मी त्या सीमेवर पुढे-मागे चार वेळा चाललो. गाईड एका दगडावर बसून शांतपणे बघत होता. चौथ्या वेळी त्याने विचारलं, काही हरवलं का? भाच्याने सांगितलं, मामांना सापडलंय.

नंतर पाऊस. व्हिलोसा, पाका, शेवटचे दोन निवारे आम्ही मान खाली घालून गाठले. लाबान राताला, म्हणजे वरच्या मुक्कामाला, ३२७२ मीटरवर, पोचलो तेव्हा बुटांत पाणी होतं. गरम भात, सूप, परतलेली भाजी आणि आल्याचा चहा. जेवणघराच्या खिडकीबाहेर ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आणि त्यांत एक काळपट डोंगरी कस्तुर पक्षी निवांत फिरत होता. हे सगळं अन्न माणसांच्या पाठीवरून येतं. दुपारी ज्या बाई टोपलीत गॅसची टाकी घेऊन आमच्या पुढे निघून गेल्या, त्या परत उतरतानाही भेटल्या होत्या. ताटातलं वाया घालवू नका.

इथलं पान: तीन सेंटिमीटर.

पाचवा दिवस : शेवटची झाडं

रात्री दोनला उठलो. पाऊस होता, त्यामुळे फाटक उशिरा उघडलं. पायऱ्या, मग उघडा ग्रॅनाईट आणि पांढरा दोर. कातळावरून पाणी पातळ चादरीसारखं वाहत होतं. दोराला धरून गाईडने सांगितलं, ५ जून २०१५ च्या सकाळी इथे भूकंप झाला. अठरा माणसं गेली, त्यांत सिंगापूरहून आलेली शाळकरी मुलं होती आणि त्याच्यासारखे गाईडही. उरलेल्यांना गावातल्या माणसांनी आणि गाईडांनी खाली आणलं. दुसुन लोक या डोंगराला आकी नाबालू म्हणतात, पूर्वजांचं, मेलेल्यांच्या आत्म्यांचं विश्रांतीचं ठिकाण. दरवर्षी पांढऱ्या कोंबड्या देऊन डोंगराची परवानगी मागतात. आपल्या देवराईत पाऊल टाकण्याआधी गुरव गाऱ्हाणं घालतो, तेच आठवलं. तो पुढे बोलला नाही, आम्हीही काही विचारलं नाही.

सायात-सायातच्या चौकीवर, ३६६८ मीटरला, पाऊस वाढला. गाईडने वर बघितलं, दोन-तीन जणांशी बोलला आणि म्हणाला, पुढे नाही. शिखर चारशे-साडेचारशे मीटर वर राहिलं. भाच्याचा चेहरा उतरला, पण त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. त्याचं मला कौतुक वाटलं. डोंगरावर गाईडचा शब्द अखेरचा, हे सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरांनीही धरून ठेवावं.

उजाडायला आम्ही तिथेच आडोशाला बसलो. मग पाऊस ओसरला आणि कातळाच्या भेगांमध्ये काय आहे ते दिसायला लागलं. सायात-सायात हे नाव चौकीचं नाही, झाडाचं आहे: लेप्टोस्पर्मम रिकर्व्हम. वाऱ्याने पिळलेलं खोड मनगटाएवढं, उंची माझ्या गुडघ्याएवढी, आणि पानं इतकी बारीक की कडा मागे वळलेल्या आहेत हे बघायला भिंग लागलं. त्यावर एकच पांढरं फूल, पाच पाकळ्यांचं. हे जांभळाचंच कूळ! पोरिंगच्या सावलीत होतं, मुख्यालयाच्या धुक्यात होतं, उबाहच्या पाटीवर होतं. साल मागे राहिला, ओक मागे राहिला, दालचिनीही थकली. खालच्या एका हेक्टरात दोनशेहून जास्त जाती, आणि इथे बोटांवर मोजाव्यात इतक्या. त्यांत जांभळाच्या घराण्यातलं हे एक. भाच्याने पट्टी काढली. आठ मिलिमीटर.

उतरताना गुडघ्यांनी फार त्रास दिला. चढण्यापेक्षा उतरणं अवघड आहे, काठी विसरू नका. उतरताना एक गोष्ट मात्र जास्त चांगली दिसली. चढताना श्वासाकडे लक्ष असतं, उतरताना झाडं एकेक करून उंच होताना दिसतात. मेम्पेनिंगपाशी ती आमच्या वर गेली, कांदिसपाशी आभाळ झाकलं.

वाटेत भाच्याने विचारलं, "असं प्रत्येक डोंगरावर याच उंचीला होतं का?" नाही. किनाऱ्यालगतच्या छोट्या, एकट्या डोंगरांवर ढग खालीच बसतो आणि हजार मीटरच्या आतही शेवाळी, ठेंगणं रान भेटतं. मोठ्या पर्वतरांगांत तेच पट्टे कितीतरी वर जातात. मीटरचा आकडा बघून झाड राहत नाही.

सहावा दिवस : पुन्हा नाबालू

परतताना गाडी पुन्हा त्याच टपऱ्यांपाशी थांबली. मी आजींना कांदिसबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि कागदाच्या पुडीत काळपट, सुकलेल्या सालींचे तुकडे घेऊन आल्या. इथे त्याला ताकोब-आकोब म्हणतात. हळद आणि हे घालून मासा शिजवायचा, पिनासाकान. टपरीच्या मागे त्यांचं जेवण तयार होतं. त्यांनी आम्हाला भातावर दोन छोटे मासे आणि पिवळा रस वाढला. भाच्याने पहिला घास घेतला आणि थांबला.

"मामा," तो म्हणाला, "ही तर आज्जीची कोकम घातलेली बांगड्याची कढी आहे."

आजींनी काय म्हणाला म्हणून विचारलं. आमच्या ड्रायव्हरने तोडकंमोडकं भाषांतर केलं. त्यांनी पुडी पुन्हा उघडली, आणखी एक मूठ आत टाकली आणि दोऱ्याने घट्ट बांधून त्याच्या हातात दिली.